फुले संगम सोयाबीनवर पण तांबेरा (पानावरचा बुरशीचा रोग) येतो का? आणि "प्रतिकारक" म्हणजे नक्की काय?

येतो, पण कमी आणि सावकाश, कारण संगम (केडीएस ७२६, आपल्या सांगलीच्या कसबे डिग्रज केंद्राचीच जात) मध्यम प्रतिकारक आहे, पूर्ण नाही. मी प्लांट पॅथॉलॉजी (झाडांच्या रोगांचं शास्त्र) शिकलोय म्हणून आतलं सांगतो. बाकीचे बरेच तांबेरे पानाच्या रंध्रातून आत शिरतात, सोयाबीनचा मात्र थेट पानाची वरची साल फोडून घुसतो, फक्त पान ५-६ तास सलग ओलं पाहिजे, आणि कृष्णाकाठी ऑगस्ट-सप्टेंबरात ढगाळ हवा, झड लागली की ते सहज होतं. ही बुरशी जिवंत पेशीवरच जगते, पेशीत शोषकं घालून अन्न ओढते. प्रतिकारक झाडाला ती आत आल्याचं कळलं की त्या जागेच्या पेशी स्वतःच मरून जातात, मग बुरशीची उपासमार होते आणि नवीन बीजाणू फार कमी सुटतात. म्हणजे डाग दिसला म्हणून जात फेल गेली असं नसतं! पान उलटं करून बघा: लालसर तपकिरी डाग, पावडर (म्हणजे हेच बीजाणू) कमी, तर झाड लढतंय, फिकट डाग आणि बोटाला भरपूर तांबूस पावडर लागली तर बुरशी जोरात आहे.

फक्त एक, फुलोऱ्यापासून खालची पानं दर २-३ दिवसांनी बघत जा, आणि डाग दिसायला लागले की हेक्झाकोनॅझोल (बुरशीनाशक) १ मिली प्रति लिटर पाण्यातून फवारा, संगम आहे म्हणून थांबू नका.