कपाटातलं सर्टिफिकेट बाहेर काढा

प्रश्न : ताई, मी मागच्या वर्षी शपथ घेऊन अमेरिकेची नागरिक झाले. आम्ही ॲरिझोनात राहतो. त्याच आठवड्यात मतदार नोंदणीचा अर्ज भरला आणि त्यात माझ्या गाडी चालवण्याच्या लायसन्सचा नंबर लिहिला. आता काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयाकडून, पत्र आलंय की नागरिकत्वाचा पुरावा मिळालेला नाही, तो पाठवा. पत्र वाचून पोटात गोळाच आला. माझ्या हातून काही खोटं लिहिलं गेलं का? मला आता मत देता येणार नाही का? (एक वाचक)

उत्तर : आधी मन शांत करा. तुमचं काहीही चुकलेलं नाही. असं पत्र हातात घेऊन आलेल्या आपल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. शपथविधीच्या सभागृहाबाहेर मतदार नोंदणीचं टेबल लावतात, तिथे मी बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून बसते. एका हातात छोटा झेंडा, दुसऱ्या हातात नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटचं पाकीट, डोळे भरलेले, अशी माणसं बाहेर येतात. अभिनंदन करून झालं की माझा पहिला प्रश्न असतो, "तुमचं लायसन्स कधीचं आहे?" तुमची अडचण नेमकी तिथेच आहे.

ॲरिझोनाच्या मतदारांनी 2004 मध्ये प्रपोझिशन 200 हा जनमताला टाकलेला प्रस्ताव मंजूर केला. तेव्हापासून इथे नोंदणीसाठी नागरिकत्वाचा पुरावा लागतो. 1 ऑक्टोबर 1996 नंतर दिलेलं ॲरिझोनाचं लायसन्स पुरावा म्हणून चालतं, पण तुम्ही ते काढलं तेव्हा तुम्ही ग्रीन कार्डावर किंवा व्हिसावर होता. त्यामुळे लायसन्स खात्याच्या संगणकात तुमच्या नावापुढे परदेशी अशी खूण आहे. इथे त्याला 'एफ टाइप' म्हणतात. शपथविधीला तुम्ही ग्रीन कार्ड परत दिलंत आणि सर्टिफिकेट घेतलंत, पण ही बातमी लायसन्स खात्याला आपली आपण पोचत नाही. तुम्ही नागरिक झालात आणि तुमची नोंद मागेच राहिली.

आता सर्टिफिकेट बाहेर काढा. वर उजव्या बाजूला लाल आकड्यांत त्याचा नंबर असतो. राज्याच्या अर्जात त्यासाठी वेगळी चौकट आहे. तिथे तो लिहा. सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडायची असेल तर ती चालते का, ते आधी काउंटीला विचारा. झेरॉक्स काढायला आपली माणसं घाबरतात, कारण कायदेशीर अधिकाराशिवाय याची नक्कल करणं हा गुन्हा आहे, असं त्या कागदावरच छापलेलं असतं. माझ्या यजमानांनी ते वाक्य वाचून कित्येक वर्षं आमच्या सर्टिफिकेटला मशीनजवळ नेऊ दिलं नव्हतं. सरकारी कामासाठी काढलेल्या सरळ झेरॉक्सला हरकत नसते. ही मनाई गैरवापरासाठी आहे. मूळ प्रत मात्र टपालाने काउंटीला कधीही पाठवू नका. अमेरिकन पासपोर्ट काढला असेल तर त्याची झेरॉक्सही चालते.

नंतर मूळ सर्टिफिकेट घेऊन लायसन्सच्या कार्यालयात जा आणि तिथली नोंद बदलून घ्या. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयातही नागरिकत्वाची नोंद करा. ही दोन कामं टाळली तर हेच पत्र वेगळ्या रूपात पुन्हा दारात येऊ शकतं. 2019 मध्ये टेक्ससमध्ये सुमारे 95,000 मतदारांवर ते नागरिक नसावेत असा संशय घेतला गेला. त्यातल्या हजारो लोकांनी ग्रीन कार्डावर लायसन्स काढलं होतं आणि पुढे ते रीतसर नागरिक झाले होते. तुमच्या-माझ्यासारखेच. त्यांची जुनी नोंद तेवढी शिल्लक होती. खटले झाले, ती मोहीम मागे घ्यावी लागली आणि त्या राज्याच्या निवडणुकांचा कारभार बघणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटना पद सोडावं लागलं.

मत देता येईल का, हे तुम्ही कोणता अर्ज भरलात त्यावर आहे. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, अर्जात पुरावा मागत नाहीत, मी नागरिक आहे असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ॲरिझोनाला तो अर्ज स्वीकारायला लावला. त्यामुळे इथे 'फेडरल ओन्ली' मतदार नावाचा एक वर्ग तयार झाला. पुरावा न दिलेल्या या मतदारांना सिनेट आणि काँग्रेससाठी मत देता येतं, पण गव्हर्नर, शहराची काउन्सिल, शाळेचं बोर्ड यांच्यासाठी नाही. मुलांच्या शाळेचा कारभार कोणी बघायचा यात तुमचं मत नाही, हे तुम्ही चालवून घेऊ नका. ॲरिझोनात नोंदणीची मुदत निवडणुकीच्या 29 दिवस आधी संपते. पत्र फ्रिजवर लावून ठेवू नका, याच आठवड्यात उत्तर द्या.

प्रश्न : सासूबाई ग्रीन कार्डावर आहेत. त्या सरकारी ओळखपत्र काढायला गेल्या तेव्हा काउंटरवर त्यांना विचारलं, मतदार नोंदणी करायची का? त्यांना इंग्रजी नीट कळत नाही, त्यांनी मान हलवली. (एक वाचक)

उत्तर : हे मात्र मी फार गंभीरपणे सांगते. नोंदणी झाली आहे का, ते आजच्या आज तपासा. झाली असेल तर त्यांना कुठल्याही निवडणुकीत मत देऊ देऊ नका आणि इमिग्रेशनच्या वकिलांना भेटा. नाव रद्द करण्याचं पत्रही त्यांच्या सल्ल्यानेच लिहा. नागरिक नसताना नागरिक आहे असं सांगितलं, तर 1996 च्या कायद्याने देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का, हा प्रश्न असतोच. यापुढे आई-वडील, सासू-सासरे अशा कामाला गेले की घरातल्या कोणीतरी सोबत जावं.

प्रश्न : ताई, मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा पुरावा हवाच, या नियमाविरुद्ध तुम्ही बोलता, ते पटत नाही. आपण वर्षानुवर्षं वाट पाहून, फी भरून, नियम पाळून नागरिक झालो. एक कागद दाखवायला सांगितला तर बिघडलं कुठे? (एक वाचक)

उत्तर : एके काळी माझंही हेच मत होतं. टेबलावर बसायला लागल्यावर ते बदललं, ते का ते सांगते.

नागरिक नसलेल्याने फेडरल निवडणुकीत मत देणं हा आजही गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद आणि वर देशाबाहेर रवानगी. प्रश्न एवढाच आहे की नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाकडून कागद मागितला तर अडतं कोण? कॅन्सस राज्याने ते करून पाहिलं. 2013 पासून तिथे पुरावा सक्तीचा झाला आणि सुमारे 31,000 लोकांची नोंदणी अडकली. म्हणजे अर्ज करणाऱ्यांपैकी जवळजवळ 12 टक्के. न्यायालयात त्याआधीच्या वर्षांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा नोंदणी झालेले बिगर-नागरिक जास्तीत जास्त 39 निघाले. न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी 2018 मध्ये तो नियम रद्द केला आणि 2020 मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांचा निकाल कायम ठेवला. 39 जणांना अडवण्यासाठी हजारो खऱ्या नागरिकांना दारात उभं करायचं, हा हिशेब माझ्या गळी उतरत नाही.

आणि तो "एक कागद" सगळ्यांकडे नसतो. या देशात नागरिकत्वाचं असं एकच ओळखपत्र नाही. रिअल आयडी, म्हणजे विमानप्रवासाला चालणारं नवं लायसन्स, आहे ना, असं लोक म्हणतात, पण तो ग्रीन कार्डवाल्यांनाही मिळतो. मग उरतो पासपोर्ट. पहिल्यांदा काढताना त्याला 165 डॉलर लागतात. नाहीतर जन्मदाखला.

आता आपल्या मुलींचा विचार करा. माझ्या मैत्रिणीची मुलगी इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. जन्मदाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. लग्नानंतर दोन्ही बदललं. आईने दोन्ही कागद माझ्यासमोर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिलं नाव सोडलं तर एकही शब्द जुळत नव्हता. काउंटरवरच्या माणसाला ती दोन वेगळी माणसं वाटणार, आणि त्याचं तरी काय चुकलं? मुलीला लग्नाचा दाखला मागवावा लागला, तोही दुसऱ्या राज्यातून. नोंदणीची मुदत तोवर टळून गेली. तिच्या नागरिकत्वाबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी त्या निवडणुकीत तिचं मत पडलं नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे.

ॲरिझोनात 2024 मध्ये तर असं उघडकीला आलं की 1996 च्या आधी लायसन्स काढलेल्या जवळजवळ दोन लाख अठरा हजार मतदारांचा पुरावा संगणकाच्या चुकीने कधी तपासलाच गेला नव्हता. ही अनेक वर्षं मत देणारी, पन्नाशी-साठीतली माणसं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निवडणुकीत त्यांना पूर्ण मत देऊ दिलं. चूक सरकारी नोंदीची, पण कागद शोधायची वेळ मात्र त्यांच्यावर आली.

तुमचं मत वेगळं असू शकतं, त्याचा मला राग नाही. पण तुम्हाला लग्न झालेली मुलगी असेल तर आज तिला फोन करा. जन्मदाखल्याची आणि लग्नाच्या दाखल्याची सर्टिफाइड प्रत तिच्याकडे आहे का, एवढं विचारा. नसेल तर दोन-दोन मागवून घ्या. एक तिच्याकडे, एक तुमच्याकडे.