दरवर्षी भरायची एफडी नसते

कोल्हापूरहून बीबीएच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीचं पत्र आलं. एखाद्या छोट्या व्यावसायिकाशी बोलून टिपण लिहा, असं कॉलेजनं सांगितलं होतं. ती कॉलेजजवळच्या खानावळीच्या काकांशी दीड तास बोलली आणि ते टिपण तिनं पत्रासोबत पाठवलं. पत्रातला मुख्य भाग असा:

"८० मेंबर, प्रत्येकी २,८०० रुपये, म्हणजे महिन्याला २ लाख २४ हजार जमा. किराणा-भाजी-दूध १ लाख २० हजार, गॅस १६ हजार, दोन मावशी आणि एक मुलगा यांचे पगार ३४ हजार. काकांना ५४ हजार उरतात, म्हणजे २४ टक्के! आता ते दुसरी शाखा काढतायत. ५ लाख दिले तर महिना १० हजार देईन म्हणतात. बाबा ६१ वर्षांचे आहेत, सूतगिरणीतून निवृत्त झाले. एकूण १७ लाख मिळाले. १० लाख एफडीत, ५ लाख बचत खात्यात आणि २ लाख बँकेतल्या साहेबांनी सुचवलेल्या दरवर्षी भरायच्या एफडीत. ती दहा वर्षं भरायची, विसाव्या वर्षी दुप्पट. तिचं पाकीट मागच्या आठवड्यात पोस्टानं आलंय. पेन्शन ३ हजार, घरखर्च २० हजार. काकांना ५ लाख द्यावेत का?"

देऊ नका. त्याची कारणं पुढे येतीलच. पण पत्र वाचल्यावर मी आधी फोन केला तो त्या पाकिटासाठी.

दरवर्षी भरायची एफडी नसते. फोनवरच तुला पाकीट उघडायला लावलं, आणि आत निघाला विमा पॉलिसीचा बाँड. हप्ता वर्षाला २ लाख, दहा वर्षं. विमा तुझ्या नावावर, भरणार बाबा. सोबत अर्जाची प्रत होती, त्यात बाबांचा व्यवसाय 'व्यापार' आणि वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिलंय. ज्या माणसाचं पेन्शन ३ हजार आहे त्याच्यासमोर हा अर्ज भरला गेला, खाली त्याची सही घेतली गेली. मला याचा संताप येतो. आयुष्यभर पाळ्या केलेल्या माणसानं बँकेच्या टेबलावर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक.

आता 'दुप्पट' म्हणजे किती ते बघ. दहा हप्त्यांचे २० लाख, विसाव्या वर्षी ४० लाख. पहिल्या आणि दहाव्या हप्त्यात नऊ वर्षांचं अंतर, म्हणजे सरासरी रुपया साडेपंधरा वर्षं आत राहतो. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वर्षाचा दर अंदाजे कळतो. ७२ ला साडेपंधराने भाग, साधारण ४.६ टक्के आले. साध्या एफडीपेक्षाही कमी, आणि हातात येतील तेव्हा बाबा ८१ वर्षांचे असतील.

पण परतावा कमी आहे हे खरं दुखणं नाही. हे हप्ते तुमच्याकडून भरलेच जाणार नाहीत. १० लाखांच्या एफडीवर ७ टक्के धरले तर महिना ५,८००, पेन्शन धरून ८,८००. खर्च २० हजार. आधीच महिन्याला ११ हजारांची तूट, त्यावर वर्षाला २ लाखांचा हप्ता. ५ लाख काकांना दिले आणि त्यांनी महिना १० हजार एकदाही न चुकता दिले, तरी पाचव्या वर्षी एफडी संपते. काकांचं एखादं वर्ष वाईट गेलं तर त्याच्याही आधी. मग हप्ते थांबतील आणि भरलेल्यातला मोठा भाग हातचा जाईल.

पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न देताही परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. त्या दिवसांपुरता विम्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात. पोस्टाच्या तारखेसह पाकीट जपून ठेव. पॉलिसी परत करण्याचा, बाबांच्या सहीचा अर्ज विमा कंपनीच्या शाखेत दे, शिक्का मारलेली पोच घे आणि तोच अर्ज कंपनीला ईमेलही कर. बँकेतले साहेब "एक वर्ष थांबा" किंवा "दुसऱ्या प्लॅनमध्ये फिरवून देतो" म्हणतील. ऐकू नका. कंपनीनं टाळाटाळ केली तर लेखी तक्रार, आणि महिनाभरात निकाल लागला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी लागत नाही.

दोन लाख परत आले की १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. २०२३ च्या एप्रिलपासून तिचा दर ८.२ टक्के आहे, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला. महिन्याचे सव्वादहा हजार पडतात, पेन्शन धरून सव्वातेरा. एफडी मोडताना किती व्याज कापलं जाईल ते आधी विचार. उरलेल्या २ लाखांतून महिन्याची सात हजारांची तूट दोन वर्षं सहज भागते. तोवर तू कमावती होशील.

आता काका. तुझं टिपण मला फार आवडलं. काकांनी तुझ्यापासून काही लपवलेलं नाही, सगळं त्यात आहे. फक्त हिशेबाच्या चौकटीत तू घेतलं नाहीस. 'जागा घरचीच' असं पान दोनवर लिहिलंयस. भाड्याची असती तर १२ हजार. 'काकू पहाटे पाचपासून स्वयंपाकात.' त्यांच्याऐवजी बाई ठेवली तर १८ हजार. काका स्वतः मंडईत जातात, गल्ल्यावर बसतात, त्याचे १५ हजार धर. ५४ मधून ४५ गेले, ९ हजार राहिले. 'मे महिन्यात २५ मेंबर, दिवाळीत तेवढेच.' मग वर्षाच्या शेवटी ते ९ हजारही राहत नाहीत. खाडे आणि शेवटचं बिल बुडवून गाव सोडणारी पोरं वेगळीच.

आणि सगळ्यात मोलाची ओळ तू कंसात टाकलीस: 'काकूंना चिकनगुनिया झाला तेव्हा १२ दिवस डबा बंद.' तो धंदा काकूंच्या हातावर उभा आहे. दुसऱ्या शाखेत काकू नसतील, जागाही घरची नसेल. मग तुमचे महिना १० हजार कुठून येणार? पहिले काही महिने तुमच्याच ५ लाखांतून.

दोन्हीकडे २४ टक्के आले म्हणून हिशेब जुळला असं तुला वाटलं असणार. पहिले २४ टक्के विक्रीवरचे आहेत, दुसरे भांडवलावरचे (५ लाखांवर वर्षाला १ लाख २० हजार). त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

काकांना तू जे प्रश्न विचारलेस (पैसे कोणाकडून येतात, मध्येच बंद पडलं तर काय, उरतं ते कोणाच्या कष्टाचं), तेच प्रश्न घरातल्या कोणी बँकेत विचारले नाहीत. तुला विचारता येतात हे त्या टिपणात दिसतं. सोमवारी बाबांबरोबर तू जा आणि अर्ज त्यांनी देताना शेजारी बस.

काकांना पाच लाख जमणार नाहीत हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांग, त्यांना आशेवर ठेवू नकोस. मुद्रा योजनेत 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, व्याज त्यांनी तुम्हाला कबूल केलेल्या २४ टक्क्यांच्या निम्म्याच्या आसपास. बँकेकडे त्यांनी विचारलंय का, आणि नकार मिळाला असेल तर का, हे विचार. कर्जासाठी नव्या शाखेचा अंदाजपत्रकाचा कागद लागेल, तो तू करून दे. त्यात भाडं लिही, काकांचा पगार लिही, मे महिना वेगळा दाखव. आणि 'स्वयंपाक कोण करणार' यासमोर नाव आणि पगार आल्याशिवाय तो कागद बँकेत देऊ नकोस.