नाशिकमधलं जुनं विटांचं रो-हाऊस उन्हाळ्यात फार तापतं. वीजबिल न वाढवता काय करता येईल?

आधी गच्ची, एसी नंतर. बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना लागून असतात, म्हणून खरी उष्णता स्लॅबमधून उतरते. गळती असेल तर ती काढा, मग वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर, बसवा. पैसे कमी असतील तर चुन्याचे दोन हात मारा, पण ते दरवर्षी करावं लागतं. पश्चिमेच्या खिडकीला चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, बाहेरून लावा. पडदा आत असला की ऊन काचेतून आलेलंच असतं. नाशिकची रात्र बऱ्यापैकी गार होते, तेव्हा जिन्याचं दार आणि खिडक्या जाळी लावून उघड्या ठेवा. ७५ वॅटचे जुने पंखे काढून साधारण ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे घ्या. आणि कृपा करून चुन्यातल्या जुन्या विटकामावर सिमेंटचा गिलावा चढवू नका, ओल आतच कोंडते.