‘तस्करी’ म्हणजे शॅडो इकॉनॉमी नव्हे

प्रश्न असा: ‘शॅडो इकॉनॉमी आणि मेरिटाइम इंडस्ट्रीची वाढ’ याचं मराठी ‘तस्करी अर्थव्यवस्था आणि जहाज उद्योगाची वाढ’ असं केलं तर चालेल का?

नाही. तस्करीला शॅडो इकॉनॉमी म्हणणारे इतके झालेत की आता वैताग येतो. अर्थशास्त्रात ही संज्ञा बहुधा वैध कामासाठी वापरतात. काम कायदेशीर, पण कर किंवा नियम चुकवायला सरकारपासून दडवलेलं: कागदावर नसलेला खलाशी, पावतीविना विकलेलं जहाजाचं इंधन. त्याला ‘बेहिशेबी अर्थव्यवस्था’ म्हणा. ‘छाया’ नको. मराठीत छाया म्हटली की छत्रछाया, कृपाछाया. तिच्या आश्रयाला जातात, तिच्यात माल दडवत नाहीत.

आता ‘तस्कर’. शब्दकोश ‘चोर’ एवढं सांगून मोकळे होतात, आणि खरी गंमत तिथेच निसटते. वैदिक शब्दांचा उगम सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात याची फोड आहे: तत् + कर, म्हणजे ‘ते’ करणारा. ‘ते’ म्हणजे पाप. पण पापाचं नाव तोंडावर न घेता नुसतं ‘ते’! व्याकरणपरंपरेत तर तत् + कर = तस्कर आणि बृहत् + पति = बृहस्पति हे दोन्ही एकाच नियमात बसवले आहेत. चोर आणि देवगुरू शेजारी शेजारी. ही लोकव्युत्पत्ती आहे, म्हणजे नुसत्या ध्वनीच्या साम्यावरून जुळवलेली, म्हणून नाक मुरडणारे पंडित आहेत. मुरडू देत. नाव न घेता चालणाऱ्या व्यवहाराला सर्वनामाहून नेमका शब्द त्यांनी सुचवून दाखवावा. यास्काने ‘तन्’ (ताणणे) या धातूवरून दुसरीही वाट दिली आहे: ज्याचं काम अखंड चालतं तो, अहोरात्र राबणारा. दिवसरात्र पाळ्या लावणाऱ्या जहाजाला ही मला पहिलीपेक्षा जास्त शोभते.

हां, वाढीचं राहिलंच. ब्रिटनने १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला. चोरून चहा उतरवणाऱ्यांचा धंदा बसला आणि ईस्ट इंडिया कंपनीची अधिकृत आयात काही वर्षांतच दुपटीहून वाढली. चहा वैध, दडवला तो कर. इथे तस्करी आणि बेहिशेबी व्यवहार एकमेकांवर चढतात, हे कबूल. पण म्हणून सगळीकडे एकच शब्द फासायचा?

आज उलट दिसतं. डिसेंबर २०२२ मध्ये रशियन कच्च्या तेलावर पिंपामागे ६० डॉलरची किंमतमर्यादा जी-७ देशांनी आणि त्यांच्या मित्रदेशांनी घातली आणि ती चुकवून तेल वाहायला, एरवी भंगारात गेले असते असे जुने टँकर चढ्या भावाने विकले जाऊ लागले. नावं बदलतात, बावटे बदलतात, ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद होतं. बदलत नाही तो जहाजाचा सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक. आकडेवारीत हीसुद्धा उद्योगाची वाढच दिसते. या ताफ्याला बातम्यांत ‘सावली ताफा’ म्हणतात, ते वाचून तर हसूच येतं. ‘छुपा ताफा’ म्हणायला काय जड जातं?

मेरिटाइम इंडस्ट्रीला ‘सागरी उद्योग’ म्हणा. त्यात बंदरं, विमा, जहाजबांधणी सगळं येतं.