विंचाला जाताय? आधी थर बघायला शिका

बेलग्रेडजवळच्या विंचा गावात डॅन्यूबच्या काठी ‘बेलो ब्र्दो’ हे पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्त्यांचे थर साचून झालेला उंचवटा आहे. निघण्यापूर्वी ते उघडं आहे ना, याची खात्री करा. पुरातत्त्वज्ञ मिलोये वासिचनं १९०८ मध्ये इथे उत्खनन सुरू केलं. वस्तीचे थर जवळपास नऊ मीटर! बराचसा भाग नवाश्मयुगीन. वर मध्ययुगीन सर्बियन दफनभूमी. नवखे लोक थेट इथे सापडलेल्या मूर्तींकडे धावतात. तुम्ही आधी माती वाचा. जळालेल्या कुडाच्या भिंतीचा लालसर ढेकूळ आणि त्यावर उमटलेले काठ्यांचे ठसे ओळखता आले, की घर डोळ्यांसमोर उभं राहतं. भांड्यांवरच्या खुणांना कुणी ‘जगातली पहिली लिपी’ म्हटलं, तर लगेच मान डोलावू नका. ते सिद्ध झालेलं नाही. आणि खापराचा तुकडासुद्धा उचलू नका, कृपा करून.