टायर बदलायचं मशीन घरी घ्यावं की बनवून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की घर जांबोटीच्या पुढं आहे, दोन मोटारसायकली, एक जुनी जीप, ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि साध्या पंक्चरला खानापूर गाठावं लागतं. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर बारा वर्षं काढलीत, त्यामुळं माझा कल बनवण्याकडंच असणार, हे धरून वाचा.

मशीन घेऊ नका. मशीनची ती विजेवर फिरणारी थाळी दिवसाला वीस टायर येतात तिथं परवडते. तुमच्याकडं वर्षाला सहा. आणि पावसाळ्यात तुमच्याकडं लाईट किती टिकते ते तुम्हालाच जास्त ठाऊक.

खरा जोर एकाच कामाला लागतो: रिमला चिकटून बसलेली टायरची कड सोडवायला. गंजलेल्या रिमवर ती वर उभं राहून नाचलं तरी हलत नाही. तेवढ्यासाठी दांडा करून घ्या. चॅनेलचा तळ, एका टोकाला उभा अँगल, त्याला बोल्टानं अडकवलेला ५ फुटी जाड पाईप, आणि बोल्टापासून १ फुटावर खाली लोंबणारा लोखंडी पाय, जो रिमलगत टायरवर टेकतो. पाईपच्या टोकाला ६० किलो वजन दिलं की पायाखाली ३०० किलो पडतात. अँगलला वेगवेगळ्या उंचीवर तीन-चार भोकं पाडा, जीपचा आणि मोटारसायकलचा टायर एका उंचीवर बसत नाही. पायाच्या टोकाची पट्टी गुळगुळीत घासा. कुठलाही वेल्डिंगवाला भंगारातून अर्ध्या दिवसात करून देईल. मोटारसायकलचं चाक ब्रेकची डिस्क वरच्या बाजूला ठेवूनच दाबा, नाहीतर डिस्क वाकते.

टाम्या, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, तीन लागतात, दोन नव्हे. मी पहिल्या वर्षी स्प्रिंगपाट्याच्या केल्या, टोकं घासायचा आळस केला आणि एकाच रविवारी दोन ट्यूबा फाडल्या. बायकोनं त्या फाटक्या ट्यूबा अजून खुंटीला लावून ठेवल्यात.

पुढचं काम ताकदीचं नाही. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. तुम्ही टामी लावता त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्यानं त्या खोलग्यात दाबून धरली, की टामीकडं ढिली पडते. ट्यूब असेल तर चढवताना शेवट व्हॉल्वपाशी करा. व्हॉल्वजवळ ट्यूब आडवी येते, कड खोलग्यात उतरत नाही, म्हणून तिथून सुरुवात केली तर शेवटचा घास गिळतच नाही. ट्यूबेत आधी थोडी हवा भरा, म्हणजे ती टामीखाली चिमटत नाही. कडेला साबणाचं पाणी लावा. डिझेल, ग्रीस नको, रबर खराब होतं.

पैसे घालायचेच तर टाकीवाल्या कॉम्प्रेसरवर घाला. ट्यूबलेसची कड बसवायला हवा एकदम भसकन लागते, पायपंपाचं ते काम नाही. व्हॉल्वमधली पिन काढून हवा भरा, आणि मोटारसायकल, जीपला ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. तेवढ्यात नाही बसली तर हवा सोडून परत साबण लावा. पेट्रोल ओतून काडी लावायचा व्हिडिओ पाहिला असेल, तो विसरा.

ट्रॉलीच्या चाकाला सुटी लोखंडी रिंग असली तर मात्र दांडा बाजूला ठेवा. ती रिंग नीट बसली नाही तर हवा भरताना उडते आणि माणूस जागेवर जातो. ते चाक हवा भरताना ठेवायचा लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानातच न्या, खानापूरला जावं लागलं तरी.