पंप कपाटात नको, लेकीच्या खिशात हवा

"ताई, मुलगी सातवीत आहे, दमा आहे. शाळेने तिचा पंप ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवलाय, मुलांकडे औषध नको म्हणतात. परवा पीटीच्या तासाला धाप लागली तेव्हा चावी असलेले शिपाईकाका बँकेत गेलेले. आता गुपचूप दप्तरात टाकून देऊ का? – एक आई, नाशिक"

अहो, वाचूनच पोटात गोळा आला. पंप तिच्याजवळच हवा, यात दुमत नाही, पण गुपचूप नको, कारण लपवून नेलेला पंप पोरगी लपूनच घेणार, बाथरूममध्ये जाऊन, आणि तिथे जास्त झालं तर कळणार कुणाला?

डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून आणा की हिला स्वतःचा पंप घेता येतो, किती पफ, कधी, आणि तो सतत जवळ लागतो. एक कॉपी मुख्याध्यापकांना, एक क्लासटीचरना, एक पीटीच्या सरांना, आणि दुसरा पंप ऑफिसात, पण कुलपाशिवाय. यात जगावेगळं काही मागत नाही आपण, अमेरिकेत 50च्या 50 राज्यांत मुलांना पंप जवळ ठेवायची कायद्यानेच मुभा आहे.

पण त्याआधी घरी तिची परीक्षा घ्या, हे मी मनापासून सांगतेय. माझा भाचा दोन वर्षं पफ जिभेवरच मारत होता आणि आम्ही म्हणायचो औषध लागू पडत नाही! पंप नीट हलवायचा, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एकच पफ, सावकाश आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. तोंडातून वाफ बाहेर दिसली तर औषध छातीत गेलंच नाही समजा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. शाळेत न्यायचा तो हा निळा, म्हणजे लगेच आराम देणारा पंप, रोजचा स्टेरॉइडचा घरीच राहू दे, तो घेतल्यावर चूळ भरायची. आणि निळा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर सरळ डॉक्टरांना भेटा, तो दमा आटोक्यात नाहीये.

पफ घेऊनही बरं वाटेना, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर आधी 108 आणि मगच आईला फोन, हे सरांना स्पष्ट सांगा.

पंपाची सवय लागते वगैरे कोणी म्हणालं तर तिच्यासमोरच खोडून काढा, नाहीतर पोर वर्गात लाजून धाप अंगावर काढते. आणि तिच्या बेंचवर शेजारी कोण बसते? त्या मैत्रिणीला एकदा घरी बोलवा, पंप कुठल्या खिशात असतो ते दाखवून ठेवा.